ऋण दाब

क्षयाचा जंतू सावकाश आहे.
वीस तासांत एकदा दुभंगतो,
तेही सगळं त्याच्या मनासारखं असलं तर.
त्याच्यावर काम करता करता मला सतरा वर्षं झाली
आणि आज साडेनऊ ते अकरा या वेळात
मीच सहादा दुभंगले.

आधी स्टोअरचे पाटकर.
पिपेटच्या टोकांना तीन कोटेशनं लागतात,
तिसऱ्यावर तारीख नाही.
मग द्रवरूप नायट्रोजनचा टेम्पो
हिंदमाताच्या पुलाखाली पोलिसाने अडवलेला:
"सिलिंडर धूर कशाला सोडतोय, सांगा तुम्हीच."
मग मागच्या अनुदानातले चौदा हजार सहाशे,
जे खर्च झाले आणि कागदावर झालेच नाहीत.
मग नौशीन. फेलोशिप पाच महिने आलेली नाही,
मालाडच्या घरमालकाशी मी बोलेन का.
"तुमचा आवाज जरा सरकारी आहे, मॅडम."
बोलले. सरकारीच बोलले.

मधल्या जागा उरतात.
अकरा मिनिटं. चार.
सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंतची सात.
चिंध्यांची गोधडी होते, असं संचालक म्हणतात.
माझी आई गोधड्या शिवायची.
तिला अख्खी दुपार लागायची,
आणि दाराला आतून कडी.

प्रश्न एकच आहे, जुना आहे.
औषध दिल्यावर काही जंतू मरत नाहीत,
वाढतही नाहीत,
नुसते थांबून राहतात.
कशासाठी?
इथवर पोचायला मला चाळीस मिनिटं लागतात,
विहिरीत उतरल्यासारखी, पायरी पायरी,
आणि तेविसाव्या पायरीवर कोणीतरी वरून हाक मारतं.
जाते वर. काय हवंय? सही.
पुन्हा उतरायचं ते पहिल्या पायरीपासून.

म्हणून पाच वाजता मी शेवटच्या खोलीत जाते.
दोन दारं; एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
हातमोज्यावर हातमोजा. तोंडावर मुखवटा.
फोन बाहेर, ट्रेमध्ये, पालथा.
इथे हवा फक्त आत येते.
दाब ऋण,
आतलं काही परळभर पसरू नये म्हणून.
सगळ्या इमारतीत हीच खोली धोक्याची.
पाटकर इथे येत नाहीत.

आज माझं आत काहीच काम नव्हतं.
रजिस्टरात खोटं लिहिलं: "प्लेटा पाहणे".
वरच्याच ओळीत तेच, नौशीनच्या अक्षरात.
ती आत उभी होती, हात रिकामे.
तिने हातमोजा उचलला. मीही.
मग आम्ही दोघी इन्क्युबेटरकडे तोंड करून
उभ्या राहिलो,
दुकान उघडायची वाट बघावी तशा.

पन्नास मिनिटं.
तेविसावी पायरी मागे पडली. तिसावी.
तळाशी पाणी होतं,
आणि पाण्यात एक वाक्य,
नऊ शब्दांचं, सबंध.

आतला कागद बाहेर आणता येत नाही.
वाक्य तोंडातच न्यायचं.
कपडे उतरवताना म्हणत राहिले,
शॉवरखाली म्हणत राहिले, पावकीसारखं,
साबण डोळ्यांत गेला तरी.
ओल्या केसांनी दार उघडलं
तर फोन थरथरत ट्रेच्या काठाशी आलेला,
आणि पाटकर.
"तारीख घातली त्यांनी. आता तुमची सही राहिली."

सही केली.
त्याच कागदाच्या पाठीवर घाईघाईने लिहायला लागले.
"मॅडम, ती ऑफिस कॉपी आहे."

सात शब्द आले.
उरलेले दोन आत आहेत,
दोन दारांपलीकडे, सदतीस अंशांवर.
मरत नाहीत,
वाढत नाहीत.